प्लेटलेटची नर्सरी आणि मेहुण्याची मच्छरदाणी

या जगात जे काही उपयोगाचं आहे ते केळीच्या कंदातून निघालेलं आहे, आणि जे अजून निघालं नसेल ते आज ना उद्या निघणार आहे, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा थोरला साडू. साडू काही निवडून घेता येत नाही. तो बायकोबरोबर येतो, जसा दागिन्याबरोबर कुलपाचा घोर येतो. मी नंदुरबारला बँकेत नोकरी करतो, केसही माझे तिथेच पांढरे झाले. पण स्टेशनवरचे रिक्षावाले मला ओळखतात ते 'केळीवाल्या पाटलांचा साडू' म्हणून. मला त्याचं वाईट वाटत नाही. काही माणसं स्वतःच्या नावावर जगतात, काही साडूच्या.

त्यांची शेती शहाद्याकडे, कळसाडीला. गाव सगळं कापसाचं आणि उसाचं. साडूंनी मात्र पपई लावली, केळी लावली, आणि विहिरीच्या बाजूला हिरव्या जाळीचं शेडनेट उभारून टिश्यू कल्चर केळीच्या रोपांची नर्सरी टाकली. चांगल्या कंदाचा नखाएवढा कोंब घ्यायचा, तो प्रयोगशाळेत बाटलीत वाढवायचा आणि त्या एकातून हजारो रोपं करायची, सगळी एकासारखी एक. बाटलीतून निघालेली ही बोटाएवढी रोपं साडूंकडे येतात. ते त्यांना सावलीत वाढवून शेतकऱ्यांना देतात. या एका गोष्टीनं त्यांच्या डोक्याचा असा ताबा घेतला की त्यांना दुसरं काही सुचेना. कुणाचं लग्न ठरलं की ते विचारतात, "कंद कसा शे?" म्हणजे घराणं कसं आहे. पुढारी पडला की म्हणतात, कंदच सडका होता. एकदा गावच्या शाळेत त्यांना 'विद्यार्थी आणि शिस्त' या विषयावर बोलायला बोलावलं. ते उठले आणि कंदाला लागणाऱ्या बुरशीवर इतकं जीव तोडून बोलले की आभार मानायला उठलेल्या मुख्याध्यापकांनी व्यासपीठावरूनच बुरशीनाशकाचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

असा हा माणूस केळीत सुखी होता. मग ताई आजारी पडली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिच्या दंडावर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. दार लागलं असेल, बादली लागली असेल, असं म्हणत तिनं ते पदराखाली ठेवले. मग दात घासताना रक्त यायला लागलं आणि थांबेना. नंदुरबारच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की प्लेटलेट फार खाली गेल्या आहेत. जखम झाली की रक्ताला बूच लावणाऱ्या या बारीक पेशी तिच्याकडे जवळजवळ उरल्या नव्हत्या. सुरतेहून प्लेटलेटची पिशवी आणा, आजच आणा, असं ते म्हणाले. साडू पहिल्या गाडीनं सुरतेला गेले आणि पिशवी घेऊन आले. रक्तपेढीवाल्यानं ती थर्माकोलच्या डब्यात घालून दिली होती, बर्फाशिवाय. साडूंना वाटलं हा बर्फात कंजुषी करतोय. लसीचा डबा त्यांनी पाहिलेला होता, त्यात बर्फ असतो. तेव्हा त्यांनी स्टेशनाबाहेर बर्फ घेतला, डबा गच्च भरला आणि नंदुरबारपर्यंत दोन वेळा पाणी ओतून ताजा बर्फ घातला.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि पिशवी बाजूला ठेवून दिली. प्लेटलेट थंडीत बिघडतात. त्यांना साध्या खोलीसारखी हवा लागते आणि सतत हलतं ठेवावं लागतं. रक्तपेढीत त्यासाठी पाळण्यासारखं हलणारं यंत्र असतं. एवढं करूनही त्या चारपाच दिवसच टिकतात. डॉक्टर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "पाटील, तुम्ही केळी फ्रिजमध्ये ठेवता का हो?"

गिऱ्हाइकानं केळी फ्रिजमध्ये ठेवली असं कळलं तरी ज्यांना त्या दिवशी जेवण जात नाही, असे हे गृहस्थ. ते भिंतीला टेकून उभे राहिले. दुसरी पिशवी येईपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर ताईच्या नाकाला लावलेला कापूस ते दर थोड्या वेळानं डोकावून बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या दिवशी मला त्यांची एकही गंमत सुचली नाही. पण माझी खात्री आहे की त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते डॉक्टरांच्या त्या एका वाक्यानं. प्लेटलेट म्हणजे केळी, हे त्यांना त्या भिंतीपाशी कळलं, आणि मग कुणाच्या बापालाही ते त्यांच्या डोक्यातून काढता आलं नाही.

पुढच्या खेपेला मीही सुरतेला बरोबर गेलो. परतीच्या पॅसेंजरमध्ये साडू डबा मांडीवर घेऊन बसले आणि सुरत सुटल्यापासून तो डुलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, डोळे मिटून. मी म्हटलं, गाडीच इतकी हलते आहे, तुम्ही कशाला हलवता. ते म्हणाले, "गाडीना काय भरोसा? शिग्नलले उभी ऱ्हायनी तं?" व्याऱ्याला एक बाई चढली. कडेवर पोर होतं. तिनं बाकाच्या दोन टोकांना लुगड्याची झोळी बांधून पोर तिच्यात टाकलं आणि साडूंकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "भाऊ, हात दुखतीन तुम्हना. झोळी बांधी ल्या." आणि परवानगीची वाट न बघता तिनं आपल्या गाठोड्यातून दुसरं लुगडं काढलं. आमचा डबा झोळीत गेला. शेजारी दोन झोळ्या, एकीत पोर, एकीत प्लेटलेट. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोऱ्या शे का पोर?" म्हणजे मुलगा की मुलगी. साडू म्हणाले, "दोन्ही बी नहीं. मन्ही बायकोना जीव शे." मग म्हाताऱ्यानं हात लांब करून झोळीला एक झोका दिला. नवापूरपर्यंत अख्ख्या डब्यानं पाळी लावून त्या थर्माकोलला झोके दिले. तिकीट तपासनिसानंही जाता जाता एक दिला, आणि आम्हाला तिकीट विचारायचं विसरला.

तेव्हापासून साडूंचा उजवा हात स्वस्थ राहत नाही. हातात काहीही दिलं की ते डोलायला लागतं. दुधाची पिशवी आणली की घरी येईपर्यंत वर लोण्याचे कण तरंगत असतात. चहाचा कप दिला की अर्धा चहा बशीत आणि उरलेला धोतरावर. शेजाऱ्यांची तान्ही मुलं त्यांच्याकडे दिली की मात्र लगेच झोपतात, त्यामुळे आळीतल्या बायकांत त्यांना मान आहे.

त्यांचं दुसरं युद्ध पपईच्या पानांशी. आमच्या भागात डेंग्यूची साथ आली की लोक पपईची पानं वाटून रस पितात आणि प्लेटलेट वाढल्या म्हणतात. साडूंची पपई ऐन रस्त्याला लागून, त्यामुळे साथ आली की रात्रीतून झाडं बोडकी. दुसरा कुणी असता तर पानं विकून मोकळा झाला असता. साडू बांधावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतात, "भाऊ, पान ल्हई जा, मन्हं काही जास नहीं. पन डॉक्टरकडे पयले जा." एकानं वाद घातला, की आमच्या काकाला पानानंच गुण आला. साडू म्हणाले, "मन्ही बकरी रोज पपईनं पान खास. तिले आजलगून डेंग्यू व्हयना नहीं. मंग इंजेक्शन बकरीकडथून ल्हेतस का?" तो माणूस पानं न घेताच गेला, पण डॉक्टरकडे गेला की बकरी शोधायला, ते काही कळलं नाही.

पुढे सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात ताईचं नेमकं दुखणं कळलं. हाडाच्या आतला जो मगज रक्त तयार करतो, त्याच्यातल्या मूळपेशीच थकल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणाऱ्या, मराठी बोलताना मधूनच गुजरातीत शिरणाऱ्या. त्यांनी समजावलं की मूळपेशी म्हणजे ज्यांच्यातून बाकी सगळ्या पेशी निघतात त्या. साडू खुर्चीच्या कडेला आले. म्हणाले, "म्हणजे कंद." बाई म्हणाल्या, तसंच समजा. साडूंनी विचारलं, "मंग मॅडम, कंद थकला तर दुसऱ्या कंदाचा कोंब बाटलीत वाढवा. प्लेटलेटची नर्सरी टाका." त्यांना वाटलं आपण नवीनच काही सुचवतो आहोत. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की अहो काका, हेच चाललं आहे. प्रयोगशाळेत मूळपेशी वाढवायच्या, त्यांच्यापासून मोठाल्या पेशी तयार करायच्या, आणि त्या मोठ्या पेशी फुटून त्यांचे जे कण सुटतात त्याच प्लेटलेट. परदेशात हे माणसांना देऊन बघण्यापर्यंत मजल गेली आहे. पण एका पिशवीला अफाट पेशी लागतात, खर्चही अफाट, आणि आपल्यापर्यंत यायला वेळ लागेल. आणखी एक त्यांनी सहज सांगितलं: भांड्यात नुसत्या ठेवल्या तर त्या मोठ्या पेशींतून फारशा प्लेटलेट सुटत नाहीत, त्यांना घुसळावं लागतं, तेव्हा त्या भराभर सुटतात.

साडूंनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त लॉटरी लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. "घुसळं तं लोनी निंघस," ते मला म्हणाले, "मी तुले गाडीमा काय सांगी ऱ्हायंतू?"

कळसाडीला परतल्यावर त्यांनी शेडनेटचा विहिरीकडचा कोपरा रिकामा केला. केळीचे ट्रे हलवले, जमीन सारवली, चारी बाजूंनी दोरी लावली. कुणी विचारलं की सांगायचे, हा कोपरा प्लेटलेटचा. त्यांनाही माहीत होतं की प्लेटलेट शेडनेटमध्ये होत नाहीत, ते इतके भोळे नाहीत. पण पाहुणा येणार असला की आधी खाट टाकून ठेवावी, म्हणजे त्याला यावंसं वाटतं, असा त्यांचा हिशेब. रोज सकाळी तो कोपरा ते स्वतः झाडतात. ताई ओट्यावरून बघते आणि म्हणते, "हाऊ मानूस मन्हा आंगननं एक काडी उचलत नहीं, अन् नहीं आयेल पाव्हनानी जागा रोज झाडस."

आता मेहुण्याकडे यायला हवं. मेहुणा म्हणजे ताईचा आणि माझ्या बायकोचा थोरला भाऊ. नंदुरबारला त्याची मिरचीची पथारी आहे, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लाल मिरची पसरून वाळवायचा धंदा. माणूस तिखट, पण सरळ. ताईच्या दुखण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या मुलीच्या लग्नात जावयांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली. आमच्याकडे हा मान थोरल्यापासून धाकट्यापर्यंत क्रमानं जातो. मेहुणा घाईत होता, मी मांडवाच्या खांबाला टेकून अगदी हाताशी उभा होतो, आणि त्यानं पहिली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मी धाकटा जावई. साडू पंगतीतून उठले, हात धुतले आणि बैलजोडी वळवावी तशी ताईला घेऊन गावी गेले. त्या दिवसापासून साडू आणि मेहुणा एकमेकांशी बोलले नाहीत. ती टोपी मी जपून ठेवली आहे. एवढी वर्षं दोन घरांना पुरलेली टोपी खानदेशात दुसरी नसेल.

आणि नशिबाची थट्टा बघा. पिशव्या चढवून चढवून ताईच्या शरीरानं परक्यांच्या प्लेटलेट ओळखायला शिकून घेतल्या. पिशवी चढायची आणि आकडा होता तिथंच राहायचा. शरीर आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुळणारा रक्ताचा माणूस शोधावा लागेल. माझी बायको अर्धीच जुळली आणि रडली. जुळला तो मेहुणा, पुरेपूर. त्याचा मगजच ताईला द्यावा का, यावरही विचार झाला, पण ताईचं वय आणि हृदय बघून बाईंनी तो रस्ता बाजूला ठेवला. म्हणजे ताईचं रक्त थांबवणारं अख्ख्या जगात एकच झाड होतं, आणि साडू त्या झाडाशी बोलत नव्हते.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर साडू आणि मेहुणा बसले होते, मधे मी. साडू समोरच्या भिंतीकडे बघत मला म्हणाले, "साडू, त्याले सांग, मन्ही बायकोले प्लेटलेट देना पडतीन." मेहुणा दुसऱ्या भिंतीकडे बघत मला म्हणाला, "त्यासले सांगा, ती पयले मन्ही बहीन शे. त्यासनी बायको मांगून व्हयनी." मी दोघांना सांगितलं. दोघांनीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली.

नर्सरीत ज्या झाडाचा कोंब घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात आणि त्याची बडदास्त राजासारखी ठेवतात. साडूंनी मेहुण्याला मातृवृक्ष ठरवलं. त्याला डास चावून ताप आला तर प्लेटलेट देता येणार नाहीत म्हणून माझ्या हाती मच्छरदाणी पाठवली. ती रोज लावतो का हे बघायला त्याच्या बायकोकडे मला पाठवलं. अॅस्पिरिन घेतली की प्लेटलेट काही दिवस निकामी होतात असं कळलं, तेव्हा पथारीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी तंबी दिली, की हा मिरचीवाला डोकं दुखतंय म्हणत आला तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाही. मिरचीच्या धंद्यात डोकं दुखत नाही असा दिवस नसतो. मेहुणा मला म्हणाला, "त्यासले सांगा, मी मानूस शे, बेनं नहीं." मी सांगितलं. साडू म्हणाले, "त्याले सांग, बेनं ऱ्हातास तं इतलं डोकं दुखतं नहीं." होळीला मेहुणा दरवर्षी काठी नावाच्या आदिवासी गावाला जातो, तिथं डोंगरात त्याचं जुनं मैत्र आहे. साडूही डासांच्या मलमाची ट्यूब घेऊन पाठोपाठ गेले. ढोल वाजत होते, मोरपिसांचे टोप घालून माणसं नाचत होती, आणि आमचे साडू नाचणाऱ्या मेहुण्यामागून फिरत उघड्या दंडाला मलम लावत होते, अर्थात एक अक्षर न बोलता.

महिन्यातून एकदोनदा आम्ही तिघं सुरतेला जायचो. मेहुणा यंत्राला जोडून पडायचा. एका हातातून रक्त निघायचं, यंत्र त्यातल्या प्लेटलेट वेचून घ्यायचं आणि बाकीचं रक्त परत द्यायचं. साडूंना ते यंत्र फार आवडलं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला कुंकू लावलं, आपण नव्या ट्रॅक्टरला लावतो तसं. सिस्टरनं ते पुसलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मागच्या बाजूला लावलं. ते अजून तिथं असावं. मेहुण्याच्या हातात दाबायला रबरी चेंडू देतात. साडू बाजूला बसून आपल्या रिकाम्या मुठीनं बरोबरीनं दाबायचे. आणि प्रत्येक खेपेला डॉक्टरीणबाईंना विचारायचे, "मॅडम, नर्सरी कुठवर आली?" बाई म्हणायच्या, "काका, चालू छे, पण वार लागशे," म्हणजे वेळ लागेल. बाहेर आल्यावर साडू मला ऐकू जाईल आणि मेहुण्यालाही जाईल अशा बेतानं म्हणायचे, "ज्या दिन नर्सरीन्या प्लेटलेट येतीन, त्या दिनथून मी यानं तोंड बी देखाव नहीं." मेहुणा म्हणायचा, "त्यासले सांगा, लवकर येवोत."

सगळ्यांच्या मनात होतं ते मात्र कुणी बोलत नव्हतं. मेहुण्याची साठी जवळ येत होती. साठीनंतर यंत्रावर प्लेटलेट घेत नाहीत, तसा नियम आहे. आधी नर्सरी येते की आधी मेहुण्याची साठी, अशी शर्यत होती, आणि नर्सरी कुठेतरी परदेशात घुसळत बसली होती. साडूंनी मग तारखेवर हल्ला चढवला. आमच्या पिढीतल्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत घालताना मास्तरांनी तशी लिहिली, कुणाच्या आईला नेमकी तारीख ठाऊक होती? साडूंचं म्हणणं, मेहुणा शाळेत लवकर घातला, तो खरा दोन वर्षांनी लहान आहे. साक्षीला त्यांनी मेहुण्याची मावशी सुरतेला नेली. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत, नऊवारीत, गाडीभर सगळ्यांना उपदेश करत आली. डॉक्टरीणबाईंसमोर तिला बसवलं आणि साडूंनी विचारलं, "सांगा मावशी, मेहुणाना जलम कवय व्हयना?" मावशीनं डोळे मिटले. म्हणाली, "मन्हा लगीनमा हाऊ रांगी ऱ्हायंता. मास्तरनी याले दोन साल लहान लिखेल शे. भलता मोठा शे हाऊ." साडूंचा चेहरा उतरला. मेहुण्यानं पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. साडू मावशीला उठवायला लागले, म्हणाले, "मावशीले ध्यान नहीं ऱ्हायनं." मावशी म्हणाली, "मन्हं ध्यान पक्कं शे. तुले टोपी मांगून मियनी व्हती, ते बी ध्यानमा शे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आपण दोघंही कागदावरचीच तारीख धरू. मावशींची धरली तर आजपासूनच बंद करावं लागेल."

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र हळूहळू घडत होती. ताईला गोळ्या सुरू होत्या, त्या फार सावकाश लागू पडत होत्या. दोन पिशव्यांमधलं अंतर वाढायला लागलं. डॉक्टरीणबाई आनंदल्या नाहीत, नुसतं बघू म्हणाल्या. घरात आकड्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं, पण जो तो ओट्यावर येऊन हळूच विचारायचाच. ताई म्हणायची, "काय रे, मन्हा भाव इचारी ऱ्हायना का मिरचीना?" मेच्या शेवटी मेहुण्यानं शेवटची पिशवी दिली. यंत्र थांबलं तेव्हा साडूंनी आपल्या कापडी थैलीतून नवा टॉवेल आणि टोपी काढली. आमच्याकडे हा मान सासरच्यांनी जावयाला द्यायचा. जावयानं बायकोच्या भावाला टोपी घातलेली कुणी ऐकली नसेल. साडूंनी ती मला दिली आणि म्हणाले, "त्याले घाल." मी घातली. मेहुणा म्हणाला, "त्यासले सांगा, घाली लिधी."

एक जून उजाडला. मेहुण्याच्या मुलीनं केक आणला, पण मेहुण्याचं लक्ष नव्हतं. दुपारी तो मला घेऊन कळसाडीला निघाला. वाटेत एवढंच म्हणाला की आता दाजींच्या शपथेचं काय ते बघून घेऊ. त्याचं म्हणणं, नर्सरी आली नाही, पण माझाही उपयोग संपला. त्या दोघांचं जे काही होतं ते ताईच्या रक्तातून चाललं होतं, आणि आता ती नळी काढली होती.

साडू शेडनेटमध्ये होते. ऊन भयंकर होतं. जाळीखाली तेवढी सावली आणि ट्रेमधल्या ओल्या मातीचा गारवा. बसायला जागा एकच होती, ती प्लेटलेटची. साडूंनी दोरी सोडली आणि एक बाज आणून त्या सारवलेल्या कोपऱ्यात टाकली. मेहुणा थोडा वेळ बसला, मग उन्हानं थकून आडवा झाला. ट्रेच्या पाण्यावरचे डास त्याच्या कानाशी गुणगुणायला लागले. साडू घरात गेले आणि मच्छरदाणी घेऊन आले. जाळीच्या खांबांना तिच्या दोऱ्या बांधल्या, कडा बाजेखाली खोचल्या.

मेहुणा आतून माझ्याकडे बघत म्हणाला, "त्यासले सांगा, आते कसाले? आते मन्हा काय उपेग शे?"

मी तोंड उघडलं. पण साडू माझ्याकडे बघत नव्हते. ते मच्छरदाणीतून सरळ मेहुण्याकडे बघत होते.

"आठे मच्छर भलता शेतस," ते म्हणाले. "झोप आते."

मेहुण्यानं कूस बदलली आणि म्हणाला, "बरं, दाजी." एवढी वर्षं मी दोघांमधल्या निरोप्याची जी नोकरी केली, ती त्या दोन शब्दांत गेली.

ताई चहा घेऊन आली. तिच्या हातावर ऊन पडलं होतं आणि दंड स्वच्छ होते. आज तरी आहेत. डॉक्टरीणबाईंनी जूनच्या शेवटी बोलावलं आहे. पुन्हा पिशवी लागली तर कुणाची, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. नर्सरी अजून आलेली नाही. तिनं कप खाली ठेवले आणि कोपऱ्यात झोपलेल्या भावाकडे आणि त्याच्या उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "पाव्हना उना शेवटी," ती म्हणाली आणि आत गेली.

साडूंनी चहाला हात लावला नाही. त्यांच्या हातात मच्छरदाणीच्या दोरीचं मोकळं टोक होतं, आणि ती दोरी, त्यांना न कळत, डावीकडून उजवीकडे सावकाश डुलत होती.